पीसीबीचा आराखडा उत्पादनासाठी पाठवताना: गर्बरबरोबर आणखी काय द्यावे?

ओलिताची_पाळी

नमस्कार.

शेतीपंपाच्या मोबाइल स्टार्टरसाठी मी किकॅड या पीसीबी (छापील सर्किटचा बोर्ड) आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक कंट्रोल बोर्ड तयार केला आहे. बोर्ड दोन थरांचा आणि १.६ मिमी जाडीचा आहे. त्यावर तीन फेजचे व्होल्टेज मोजणारे सर्किट, कॉन्टॅक्टर चालवणारे दोन रिले, क्यूएफएन पॅकेजमधला (बाहेर पाय नसलेला, पोटाखाली पॅड असलेला) मायक्रोकंट्रोलर आणि फोरजी मॉड्यूल आहे. हाताने सोल्डर केलेले नमुने निफाड तालुक्यातल्या शेतांवर हंगामभर व्यवस्थित चालले, त्यामुळे सर्किटबद्दल मला शंका नाही. आता तीनशे नगांची पहिली खेप काढायची आहे. बोर्ड गांधीनगरच्या एका कारखान्यात तयार होतील आणि जुळणी (बोर्डावर पार्ट बसवणे) भोसरीत होईल.

डिझाइन रूल चेकमध्ये (सॉफ्टवेअरच्या नियम-तपासणीत) एकही चूक दिसत नाही. गर्बर (प्रत्येक थराचे चित्र देणारी फाइल), ड्रिल फाइल, बीओएम (पार्टची यादी) आणि पिक अँड प्लेस फाइल (पार्टच्या जागा आणि दिशा) एवढे पाठवले की माझे काम संपले, असे मी धरून चालू का? शिवाय पॅनेल (अनेक बोर्ड एकत्र असलेला तक्ता) मी स्वतः तयार करून द्यावे की कारखान्यावर सोपवावे, याबद्दलही जाणकारांचे मत हवे आहे.

रिफ्लोची_भट्टी

मी जुळणीच्या बाजूला काम करतो, म्हणून त्या बाजूने लिहितो.

रूल चेक तुम्ही भरलेल्या नियमांपुरताच खरा असतो. ट्रॅकची किमान रुंदी, दोन ट्रॅकमधले अंतर, छिद्राभोवती उरणारे तांब्याचे कडे आणि बोर्डाच्या कडेपासून तांब्याचे अंतर हे आकडे तुमच्या कारखान्याच्या क्षमतापत्रकातून घेऊन सॉफ्टवेअरमध्ये भरले आहेत का, हे आधी पाहा. ते भरले नसतील, तर 'चूक नाही' या निकालाला फारसा अर्थ उरत नाही. दोन थरांच्या साध्या बोर्डाला ०.१५ मिमी ट्रॅक आणि ०.३ मिमी व्हाया (थर जोडणारी छिद्रे) बहुतेक कारखान्यांत अडचणीशिवाय होतात, पण तुमच्या बोर्डावर एवढ्या बारकाव्याची गरज किती ठिकाणी आहे? जागा असेल तिथे ०.२५ मिमी ठेवावे. त्याने खर्च वाढत नाही आणि खराब नग कमी निघतात.

दुसरी बाब अशी की सोल्डर पेस्टचे काय होणार, हे रूल चेकला मुळीच कळत नाही. क्यूएफएनच्या पोटाखालच्या मोठ्या पॅडवर स्टेन्सिलमध्ये (पेस्ट लावण्याच्या भोकांच्या पत्र्यात) पूर्ण आकाराचे एकच भोक ठेवले, तर पेस्ट जास्त पडते, चिप तिच्यावर तरंगते आणि कडेच्या पिना टेकत नाहीत. त्या भोकाची चार किंवा नऊ लहान चौकटींत विभागणी करून साधारण ५० ते ८० टक्के क्षेत्रावरच पेस्ट येईल असे पाहावे. त्याच पॅडमध्ये उष्णता खाली नेणारे उघडे व्हाया असतील, तर वितळलेले सोल्डर त्यांतून खालच्या बाजूला ओघळते. छिद्र ०.३ मिमी किंवा त्याहून लहान ठेवून आणि पेस्टच्या चौकटी व्हाया टाळून आखल्या, तर व्हाया भरून घेण्याचा जादा खर्च तुमच्या बोर्डाला करावा लागणार नाही.

तिसरी बाब लहान पार्टची. ०४०२ किंवा ०६०३ आकाराच्या कपॅसिटरचे एक पॅड थेट मोठ्या ग्राउंडच्या तांब्यात बुडालेले आणि दुसरे बारीक ट्रॅकला जोडलेले असेल, तर दोन्ही टोकांचे सोल्डर एकाच वेळी वितळत नाही. जे टोक आधी वितळते ते पार्टला आपल्याकडे ओढते आणि पार्ट उभा राहतो. पॅडला थर्मल रिलीफ (मोठ्या तांब्याशी बारीक पट्ट्यांनी जोडणी) दिल्यास हा प्रकार बराच कमी होतो. हाताने सोल्डर करताना हा दोष कधीच दिसत नाही, त्यामुळे नमुने चालले यावरून मशीनवरच्या जुळणीबद्दल निष्कर्ष काढू नये.

बीओएम_वाचक

वरील प्रतिसादाशी सहमत. बीओएमबद्दल एवढेच सांगतो की '१० मायक्रोफॅरड, ०८०५' हे वर्णन खरेदीसाठी पुरेसे नसते. व्होल्टेज, डायलेक्ट्रिक, उत्पादकाचे नाव आणि त्याचा संपूर्ण पार्ट नंबर लिहावा. जो पार्ट बसवायचा नाही त्याची ओळ पुसून न टाकता तिच्यापुढे 'बसवू नये' असे स्पष्ट लिहावे. ओळच नसेल तर ती राहून गेली की मुद्दाम गाळली, हे समोरच्याला कळायला मार्ग नसतो.

चौथा_थर

बोर्ड तयार करणाऱ्या कारखान्यात आलेल्या फाइली तपासण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. तिथून जे दिसते ते सविस्तर मांडतो.

गर्बर आरएस-२७४एक्स किंवा एक्स२ प्रकारातच काढावी. जुन्या आरएस-२७४डी प्रकारात आकारांची यादी वेगळ्या फाइलमध्ये असे. ती फाइल हरवली की पॅड गोल होते की चौकोनी, हे सांगता येत नसे. गर्बरची देखभाल करणाऱ्या युकॅमको या बेल्जियन कंपनीने तो प्रकार २०१४ मध्येच रद्द ठरवला. त्याच वर्षी आलेल्या एक्स२ मध्ये कोणती फाइल कोणत्या थराची आहे, हे फाइलमध्येच नोंदलेले असते, त्यामुळे वरचा थर आणि खालचा थर यांची अदलाबदल होण्याची शक्यता उरत नाही.

ड्रिल फाइलमध्ये एकक आणि शून्ये गाळण्याची पद्धत तपासावी. मिलिमीटरची फाइल इंच समजून उघडली तर गोंधळ लगेच दिसतो. शून्यांच्या पद्धतीतला फरक मात्र कधी कधी काही छिद्रांपुरताच दिसतो, म्हणून तो जास्त त्रासदायक ठरतो. दशांश चिन्हासह फाइल काढली की हा प्रश्नच मिटतो. दिलेला व्यास तयार छिद्राचा आहे, हेही लिहून द्यावे. छिद्राच्या आतून तांबे चढते म्हणून आम्ही साधारण ०.१ मिमी मोठे छिद्र पाडतो. तुम्ही ड्रिलचा व्यास समजून आकडा दिला आणि आम्ही तो तयार व्यास समजलो, तर रिलेची पिन सैल बसेल. उलट झाले, तर ती आत जाणार नाही.

याखेरीज एका पानाचे फॅब्रिकेशन ड्रॉइंग द्यावे. त्यावर साहित्य, जाडी, तांब्याची जाडी, सोल्डर मास्कचा (वरच्या संरक्षक थराचा) रंग, पृष्ठभागाचे फिनिश, बोर्डाची बाह्यमापे आणि आवृत्ती क्रमांक असावा. एक औंस तांबे म्हणजे साधारण ३५ मायक्रॉन. तेवढे तुम्हाला पुरेल, पण ते लिहिलेले हवे. लिहिले नाही की प्रत्येक कारखाना आपल्या सवयीचे साहित्य वापरतो, आणि दुसऱ्या खेपेला कारखाना बदलला की बोर्डही बदलतो.

शेवटचे म्हणजे आयपीसी-डी-३५६ ही नेटलिस्ट (कोणते टोक कशाशी जोडले आहे याची यादी) फाइल. किकॅडमधून ती सहज निघते, तरी फार थोडे लोक पाठवतात. ती नसेल तर विद्युत चाचणीत बोर्ड गर्बरशी ताडून पाहिला जातो. गर्बर काढतानाच तांब्याचा भराव ताजा केलेला नसेल, तर सदोष गर्बरशी तंतोतंत जुळणारा सदोष बोर्ड चाचणीत उत्तीर्ण होतो. नेटलिस्ट सोबत असली, तर गर्बर आणि सर्किट यांतला फरक तांबे कोरण्याआधीच पकडला जातो.

एकच_फाइल

चौथा_थर यांच्या प्रतिसादातली माहिती मोलाची आहे, तरी त्याच माहितीवरून मी वेगळ्या निष्कर्षाला येतो. दहा-बारा सुट्या फाइली आणि वर एक पत्र पाठवण्यापेक्षा आयपीसी-२५८१ किंवा ओडीबी++ प्रकारातली एकच फाइल का पाठवू नये? थर, छिद्रे, नेटलिस्ट आणि पार्टच्या जागा हे सर्व एकाच ठिकाणी, एकमेकांशी जोडलेले असते. किकॅडमध्ये आठव्या आवृत्तीपासून आयपीसी-२५८१ आणि नवव्या आवृत्तीपासून ओडीबी++ ची सोय आहे. गर्बरला सर्किट ठाऊक नसते, तिला फक्त चित्र ठाऊक असते.

चौथा_थर

@एकच_फाइल, तत्त्वतः तुमचे म्हणणे योग्य आहे आणि मोठ्या कारखान्यांना ओडीबी++ सोयीची वाटते. परंतु धागाकर्त्यांची खेप तीनशे नगांची आहे. त्या आकाराचे काम घेणाऱ्या अनेक कारखान्यांत सारी कार्यपद्धती गर्बरभोवती बसलेली असते. तिथे ओडीबी++ पाठवली तर कोणीतरी तिच्यातून गर्बर काढतो, आणि ते रूपांतर तुमच्या नजरेआड होते. जे स्वतः उघडून पाहिले आहे तेच पाठवावे, असा माझा आग्रह आहे. कारखान्याने स्वतःहून ओडीबी++ मागितली तर जरूर द्यावी.

रिफ्लोची_भट्टी

या वादात मी चौथा_थर यांच्या बाजूचा आहे, फक्त एक भर घालतो. गर्बर ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढली त्यातच न पाहता वेगळ्या व्ह्यूअरमध्ये उघडून, एकेक थर दुसऱ्यावर ठेवून पाहावी. सिल्कस्क्रीनची (बोर्डावर छापलेली) अक्षरे पॅडवर चढली आहेत का, मास्क सगळ्या पॅडवर उघडा आहे का, पेस्टच्या थरात थ्रू-होल पॅड चुकून आले आहेत का, हे डोळ्यांनीच दिसते.

सीमारेषा

पॅनेलच्या प्रश्नाकडे अजून कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. पॅनेलचा तपशील जुळणी करणाऱ्याने ठरवावा, तो आराखडाकाराने मान्य करावा आणि बोर्ड तयार करणाऱ्याने अमलात आणावा, हा क्रम मला सर्वांत योग्य वाटतो. पॅनेलला कन्व्हेयरवर धरण्यासाठी दोन्ही कडांना किमान ५ मिमीची पट्टी लागते, पण नेमकी किती आणि पॅनेलचा कमाल आकार किती, हे ज्याचे मशीन आहे त्यालाच माहीत असते. पट्टीवर तीन फिड्युशियल (मशीनला जागा ओळखण्याच्या खुणा) द्यावेत. १ मिमी व्यासाचा तांब्याचा गोल ठिपका आणि त्याभोवती किमान २ मिमी व्यासापर्यंत मास्क उघडा, हे माप सर्वत्र चालते. चौथ्या कोपऱ्यात ठिपका दिला नाही, तर पॅनेल उलटे घातल्याचे मशीनला लगेच समजते. क्यूएफएनजवळही दोन स्थानिक फिड्युशियल असावेत.

एक गोष्ट मात्र आराखडाकारालाच करावी लागते, ती कोणावर सोपवता येत नाही. पॅनेलमधून बोर्ड सुटा करताना बोर्ड वाकतो आणि व्ही-कटलगतच्या (तोडण्यासाठी केलेल्या खाचेलगतच्या) सिरॅमिक कपॅसिटरला आतून तडा जातो. हा तडा बाहेरून दिसत नाही, चाचणीतही बहुधा सापडत नाही, आणि काही महिन्यांनी तो कपॅसिटर शॉर्ट होतो. म्हणून सिरॅमिक कपॅसिटर तुटण्याच्या रेषेपासून ५ मिमी तरी दूर ठेवावेत. ते शक्य नसेल तिथे त्यांची लांब बाजू त्या रेषेला समांतर ठेवावी. शेतात बसणाऱ्या यंत्राला असा दोष फार महाग पडतो, कारण दुरुस्तीसाठी जाणाऱ्याचा दिवस जातो आणि शेतकऱ्याची पाण्याची पाळी चुकते.

ओलिताची_पाळी

सर्वांचे आभार. सीमारेषा यांचा प्रतिसाद वाचून आराखडा पुन्हा उघडला. पॉवर सप्लायचे चार कपॅसिटर कडेला खेटून आहेत, ते आत घेतो.

फोरजी मॉड्यूलपासून अँटेनाच्या कनेक्टरपर्यंतचा ट्रॅक सध्या ०.५ मिमी रुंद आहे. अंतर थोडे आहे आणि नमुन्यांत रेंज चांगली मिळाली. तो तसाच ठेवला तर चालेल का?

लहर_लांबी

रेंज चांगल्या टॉवरजवळ मिळाली की दूरच्या शिवारात, यावर बरेच अवलंबून आहे. १.६ मिमी जाडीच्या दोन थरांच्या एफआर-४ (काचतंतू आणि इपॉक्सीच्या) बोर्डावर साध्या मायक्रोस्ट्रिपने (खाली ग्राउंड असलेल्या ट्रॅकने) ५० ओहम मिळवायचे तर ट्रॅक सुमारे ३ मिमी रुंद लागतो. ०.५ मिमीला इम्पीडन्स ५० पेक्षा पुष्कळ जास्त राहतो. ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना ग्राउंड जवळ आणून, कडेने व्हायांची रांग देऊन कोप्लॅनर रचना केली, तर रुंदी बरीच कमी करता येते. ती कॅल्क्युलेटरमध्ये स्वतःच्या जाडीनुसार काढावी. चार थरांचा बोर्ड असता आणि खालचा ग्राउंड ०.२ मिमीवर असता, तर ०.३५ मिमीच्या आसपासचा ट्रॅक पुरला असता. ट्रॅक जेमतेम एक-दोन सेंटिमीटर असेल तर नुकसान थोडे होईल हे खरे, पण जिथे सिग्नल मुळात क्षीण आहे तिथे तेही परवडत नाही. अँटेनाजवळ तीन पार्टच्या मॅचिंग नेटवर्कची (इम्पीडन्स जुळवणाऱ्या सर्किटची) जागा ठेवावी, हेही सुचवतो.

अंतर_राखा

विषय तीन फेजचा असल्यामुळे हे लिहिणे मला अत्यावश्यक वाटते. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यासाठी आयईसी ६०६६४-१ या इन्सुलेशनच्या मानकातली ४०० व्होल्टची ओळ पाहावी लागते. साध्या एफआर-४ वर दोन फेजमधले क्रीपेज, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरून मोजलेले अंतर, प्रदूषण-पातळी २ धरली तर ४ मिमी आणि पातळी ३ धरली तर ६.३ मिमी लागते. शेतावरच्या स्टार्टरच्या पेटीत धूळ, पाली, मुंग्या आणि पावसाळ्यातली ओल यांचा विचार करता पातळी ३ च धरावी. माणसाचा हात लागू शकेल अशा कमी व्होल्टेजच्या भागापासूनचे इन्सुलेशन दुहेरी असावे लागते, तिथे मूळ अंतराच्या दुप्पट अंतर धरावे.

जागा अपुरी असेल तर बोर्डात खाच देता येते. पण पातळी ३ ला १.५ मिमीपेक्षा अरुंद खाच हिशेबात धरता येत नाही. ती खाच बाह्यरेषेच्याच थरावर काढावी आणि ड्रॉइंगवर बाणाने दाखवून 'ही खाच आवश्यक आहे, बुजवू नये' असे लिहावे. ऑप्टोकपलर आणि रिले यांच्या पोटाखालून कोणत्याही थरावर तांबे जाऊ देऊ नये. तांब्याचा भराव आपोआप पसरतो, म्हणून तिथे कीप-आउट (तांबे वर्ज्य) क्षेत्र मुद्दाम आखावे लागते.

बीओएम_वाचक

दिशेबद्दल लिहायचे राहिले होते. टँटलम कपॅसिटरवरची पट्टी धन टोक दाखवते आणि ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकवरची पट्टी ऋण टोक. एलईडीच्या बाबतीत तर काही उत्पादक कॅथोडला खूण करतात आणि काही ॲनोडला. म्हणून सिल्कस्क्रीनवर नुसता ठिपका न देता डायोडला 'के' चे अक्षर, कपॅसिटरला अधिक चिन्ह आणि चिपला पहिल्या पिनची खूण, तीही पार्ट बसल्यानंतर दिसेल अशा जागी द्यावी. या सगळ्याचे एक असेंब्ली ड्रॉइंग पीडीएफमध्ये सोबत द्यावे.

पिक अँड प्लेस फाइलमधले फिरवण्याचे अंश मशीनवर जसेच्या तसे बरोबर निघतील, अशी अपेक्षा ठेवू नये. शून्य अंश कशाला म्हणायचे, हे प्रत्येक फूटप्रिंट लायब्ररी वेगळे ठरवते आणि रिळातला पार्ट आणखी वेगळ्या दिशेला असू शकतो. जुळणी करणारे ते दुरुस्त करतात, पण कशाच्या आधारे? तुमच्या ड्रॉइंगच्या. ड्रॉइंग नसेल तर अंदाजाने.

खाडीकाठ

मी दक्षिण कोकणात असतो आणि इथल्या दमटपणाचा अनुभव असल्याने फिनिशविषयी लिहितो. ओएसपी (तांब्यावरचा सेंद्रिय लेप) स्वस्त आणि सपाट असते, पण दमट हवेत उघड्यावर पडून राहिलेल्या बोर्डावर सोल्डर नीट पकडत नाही. गांधीनगरहून बोर्ड येणार, मग पार्ट गोळा होईपर्यंत थांबणार, असा क्रम असेल तर ओएसपी टाळावे. क्यूएफएन असल्याने सपाटपणा हवा, म्हणून मी ईनिग (निकेलवर सोन्याचा पातळ थर) सुचवीन. लेड-फ्री एचएएसएलही (वितळलेल्या सोल्डरचा थर) चालते, पण त्याचा थर सर्वत्र सारखा नसतो.

मायक्रोकंट्रोलरची पाकिटेही फोडून ठेवू नयेत. एमएसएल ३ (ओलाव्याच्या संवेदनशीलतेच्या) दर्जाची चिप ३० अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंत १६८ तासच उघडी राहू शकते. त्यानंतर ती भाजून कोरडी केल्याशिवाय रिफ्लोमध्ये (पेस्ट वितळवणाऱ्या भट्टीत) घालू नये, कारण आत मुरलेल्या ओलाव्याची वाफ होऊन पॅकेज आतून फुटते. पावसाळ्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत आर्द्रता ६० टक्क्यांच्या पुष्कळ वर असते, तेव्हा हे १६८ तासही गृहीत धरता येत नाहीत.

ओलिताची_पाळी

म्हणजे पार्ट मी स्वतः खरेदी करून द्यावेत की जुळणी करणाऱ्यांनाच आणायला सांगावे? लॅमिंग्टन रोडवर यातले बरेच पार्ट मिळतात.

बीओएम_वाचक

रेझिस्टर आणि कपॅसिटर त्यांच्याकडे रिळांत असतात, ते त्यांनाच लावू द्यावेत. मायक्रोकंट्रोलर, फोरजी मॉड्यूल आणि रिले अधिकृत वितरकाकडून तुम्ही घ्यावेत. सुट्या बाजारातला माल एखाद्या नमुन्याला ठीक आहे, पण खेपेसाठी घेऊ नये. तिथे पार्टची साखळी आणि साठवण कशी झाली, हे सिद्ध करता येत नाही. खाडीकाठ यांनी लिहिलेला ओलाव्याचा प्रश्नही तिथूनच सुरू होतो. मोजून तीनशे पार्ट देऊ नयेत. लहान पार्ट फीडरमध्ये वाया जातात, त्यामुळे किती जादा द्यायचे ते विचारून घ्यावे.

रिफ्लोची_भट्टी

मूळ प्रश्न 'काम संपले का' असा होता. त्याचे माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्याचे कारण फाइलींच्या बाहेरचे आहे.

चाचणी कशी होणार, हे आजच ठरवा. प्रोग्रामिंगच्या आणि प्रत्येक व्होल्टेज रेलच्या ठिकाणी १ मिमीचे टेस्ट पॉइंट, शक्यतो सगळे एकाच बाजूला असले, तर खिळ्यांचे जिग (सर्व बिंदू एकदम तपासणारा साचा) तयार करता येते. ते नसेल तर तीनशे बोर्ड हाताने तपासावे लागतील. जुळणीचा स्वीकार आयपीसी-ए-६१० या जुळणीच्या मानकाच्या कोणत्या वर्गानुसार करायचा, तेही ऑर्डरमध्ये लिहा. तुमच्या वापराला वर्ग २ योग्य आहे. कन्फॉर्मल कोटिंग (ओलाव्यापासून संरक्षण देणारा लेप) देणार असाल तर कनेक्टर, टेस्ट पॉइंट आणि अँटेनाचे टोक झाकायचे नाही, हे असेंब्ली ड्रॉइंगवर रंगवून दाखवा. कोटिंग चाचणीनंतरच होईल, हेही लिहा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तीनशे बोर्ड एका दमात लावू देऊ नका. आधी एक पॅनेल लावून मशीन थांबवायला सांगा. त्या दिवशी स्वतः भोसरीला जा आणि प्रत्येक पार्टची किंमत, दिशा आणि सोल्डर असेंब्ली ड्रॉइंगशी ताडून पाहा. बोर्ड चालू करून रिले आणि मॉड्यूल तपासा, आणि मग सही करून पुढच्या नगांना परवानगी द्या. यासाठी मशीन अर्धा-एक दिवस अडकते, त्यामुळे ही अट कोटेशन घेतानाच घालावी लागते.

ओलिताची_पाळी

अट घालून कोटेशन पुन्हा मागवतो. फेजजवळ खाच देण्यासाठी एक रिले हलवावा लागेल आणि अँटेनाचा ट्रॅक कोप्लॅनर करायचा आहे, म्हणजे आवृत्ती बदलते. आवृत्ती क्रमांक सिल्कस्क्रीनवर, गर्बरच्या फाइलनावांत आणि बीओएमवर एकच ठेवतो. नवा आराखडा तयार झाला की फॅब्रिकेशन ड्रॉइंग इथे टाकीन. चौथा_थर, आपण ते एकदा पाहाल का?

चौथा_थर

अवश्य. ड्रॉइंगबरोबर गर्बर आणि नेटलिस्टही द्या, म्हणजे दोन्ही ताडून पाहता येतील.